आखाजीच्या आदल्या रविवारी

दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रविवारी मी माळ्यावरून जुना डेस्कटॉप खाली उतरवते, फडक्याने पुसते आणि ओट्याशेजारच्या टेबलावर मांडते. त्याची डिस्क कोरी केलेली असते. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) नव्याने टाकायचं आणि त्यावर सगळं परत आणायचं: घरचे कागद, फोटो, माझी टिपणं, वाचनालयाचा डेटाबेस आणि आजी-आत्याची गाणी. हे सगळं होईपर्यंत रोजच्या वापराच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तो जळाला, चोरीला गेला, काहीही झालं असं धरायचं. बॅकअपच्या डिस्कवरून जे येईल तेवढंच आपलं.

आखाजीच का, असं मला विचारतात. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं लागतं. कोणाचं कोणाकडे किती निघतं ते त्या दिवशी बसून ठरतं. लहानपणापासून वर्षाचा हिशेब म्हणजे आखाजी हेच डोक्यात बसलंय. शिवाय त्याच सुमाराला आत्या माहेरी येते. ती का महत्त्वाची ते पुढे येईलच.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावी वाचनालयात ग्रंथपाल आहे. नऊ हजारांच्या आसपास पुस्तकं, एक लांब खोली, दोन पंखे आणि कोपऱ्यात टेबलाखाली सर्व्हर. सर्व्हर म्हटलं की लोकांना मोठं काही वाटतं. तो साधा डेस्कटॉपच आहे, त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि कोहा चालतं. कोहा हे वाचनालयाचं मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या वाचनालयांसाठी तयार झालं. तिथली जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती, म्हणून त्यांनी नवी करून घेतली, ती २०००च्या जानेवारीत सुरू केली आणि सगळ्या जगाला मोकळी दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आमच्यासारख्या वाचनालयाला ते सॉफ्टवेअर एक रुपया न देता मिळालं, त्यामुळे तो शब्द मी नव्या सभासदांना आवर्जून सांगते.

आता २०१९च्या मे महिन्यात काय झालं ते सांगते.

आखाजी होऊन आठवडा झाला होता. तारीख १३ मे. आमच्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि दुपारी लाइट गेली की पत्र्याखालची ती खोली भट्टी होते. सकाळी सर्व्हर सुरू केला तर डिस्कमधून टक्-टक् असा आवाज. पुन्हा सुरू केला, पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा डिस्क दिसेचना. तेव्हा मी घाबरले नाही, कारण डेबियनवर कोहा बसवलं की ते स्वतःच रोज डेटाबेसची प्रत काढून ठेवतं हे मी वाचलेलं होतं. दर महिन्याच्या १ तारखेला त्या फोल्डरमधली प्रत मी पेनड्राइव्हवर घेत होते. म्हणजे फार तर बारा दिवसांची देवघेव जाईल, असा माझा हिशेब.

नवी डिस्क आली. डेबियन टाकलं, कोहा बसवलं, पेनड्राइव्ह लावला. फाइलच्या नावातच तारीख असते. ती होती २७ मार्च.

मी १ मे रोजी प्रत घेतली होती, आणि घेतलेली प्रत २७ मार्चची होती. फोल्डर उघडला, फाइल दिसली, ओढून पेनड्राइव्हवर टाकली. तारीख वाचलीच नव्हती.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले. डेबियनमध्ये रोजची कामं क्रॉन नावाचा प्रोग्रॅम करतो आणि ती ठरलेली वेळ असते सकाळी ६ वाजून २५ मिनिटं. कोहाची प्रत काढण्याचं कामही त्याच रोजच्या कामांमध्ये बसवलेलं असतं. आमचं वाचनालय रात्री आठला बंद होतं, सर्व्हर बंद करूनच आम्ही कुलूप लावतो आणि सकाळी साडेआठला उघडतो. म्हणजे सव्वासहाच्या सुमाराला ते मशीन कधी जागंच नव्हतं. क्रॉन चुकलेलं काम नंतर भरून काढत नाही; वेळ टळली की टळली. २६ मार्चच्या रात्री सर्व्हर बंद करायचा राहून गेला, म्हणून २७च्या पहाटे एक प्रत निघाली. आमच्या विसराळूपणातून जन्मलेली ती एकुलती प्रत. तीही नसती तर नऊ हजार पुस्तकांच्या नोंदी पुन्हा हाताने भराव्या लागल्या असत्या.

याला उपाय आहे आणि तो अगदी छोटा आहे. अनाक्रॉन नावाचं पॅकेज टाकायचं. ते वेळ बघत नाही, शेवटचं काम कधी झालं ते बघतं. मशीन सुरू झालं की राहिलेलं काम करून घेतं. डेस्कटॉपच्या लिनक्समध्ये ते बहुधा आधीच असतं. सर्व्हरवर डेबियन कमीतकमी टाकलं तर नसतं, कारण सर्व्हर दिवसरात्र चालतो असं त्यात गृहीत धरलेलं आहे. आमच्या गावात कोणताही सर्व्हर दिवसरात्र चालत नाही. ज्यांच्याकडे शाळेत, पतसंस्थेत, दवाखान्यात असं रात्री बंद होणारं लिनक्सचं मशीन असेल त्यांनी हे वाचून झाल्यावर एकदा तपासावं. त्या फोल्डरमधल्या फाइलींच्या तारखा डोळ्यांनी वाचाव्यात.

सत्तेचाळीस दिवसांची देवघेव गेली होती. ती परत मिळाली तात्यांमुळे. तात्या आमचे कार्यवाह, वय तेव्हा शहात्तर. कॉम्प्युटर आला तेव्हाच त्यांनी बजावलं होतं की देवघेवीची वही बंद करायची नाही. दोन्हीकडे लिहायचं म्हणजे दुप्पट काम, मला ते पटत नव्हतं, पण त्यांचा शब्द मोडवत नव्हता. त्या दिवशी मी खुर्चीत सुन्न बसलेली बघून त्यांनी वही समोर ठेवली. म्हणाले, “ताई, वहीत आहे ना? मग बसा लिहायला.” त्या वहीवरून सहाशेच्या वर नोंदी आम्ही तिघांनी चार दिवसांत परत भरल्या. नव्याने दाखल झालेली पुस्तकं दाखल रजिस्टरवरून घेतली.

एक गोष्ट तेव्हा फार घाबरवून गेली, ती कोहा वापरणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. मी नव्या मशीनवर जुना डेटाबेस हाताने भरला. भरताना एकही चूक दाखवली नाही. मग शोधाच्या रकान्यात एका पुस्तकाचं नाव टाकलं तर उत्तर आलं: काहीही सापडलं नाही. दुसरं टाकलं, तेच. तासभर मला वाटत होतं की प्रतच रिकामी होती. प्रत व्यवस्थित होती. कोहा शोधासाठी झेब्रा नावाची वेगळी सूची ठेवतं आणि ती डेटाबेसच्या प्रतीत येत नाही. ती पुन्हा बांधून घ्यावी लागते. एक आज्ञा दिली, दहा-बारा मिनिटं गेली आणि नऊ हजार पुस्तकं जागेवर दिसली. कपाटात पुस्तकं असून सूचीची कार्डं नसावीत, तसं ते होतं. हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधी एकदाही मी प्रत उघडून पाहिली नव्हती.

वाचनालयाचं निस्तरल्यावर मला घरच्या कॉम्प्युटरची धास्ती वाटायला लागली.

घरी मिंट होतं. बॅकअप म्हणून टाइमशिफ्ट लावलेलं होतं आणि त्याच्या खिडकीत रोजच्या तारखा हिरव्या खुणेसह दिसत. टाइमशिफ्ट चांगलंच आहे, एखादं अपडेट बिघडलं तर सिस्टिम मागच्या दिवशी नेऊन ठेवतं. पण ते सिस्टिमसाठी आहे. तुमचं होम फोल्डर, म्हणजे तुमचे फोटो, पत्रं, हिशेब, ते मुळात वगळतं. हे त्याच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही ‘टाइमशिफ्ट चालू आहे’ म्हणून निर्धास्त असलेले चार जण तरी मला अमळनेर-धुळ्यात भेटले आहेत.

होम फोल्डरसाठी मी आरसिंक वापरत होते. आरसिंक हे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली दिलेलं साधन. मूळ आणि प्रत यांच्यात जेवढा फरक असेल तेवढंच नेतं. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आधीच्या दिवसाच्या प्रतीशी दुवा जोडण्याची सोय. ग्रंथपालाला ती चटकन समजते. एकाच पुस्तकाचं लेखक-सूचीत एक कार्ड असतं, विषय-सूचीत दुसरं. पुस्तक कपाटात एकच. एक कार्ड फाडलं तरी पुस्तक जात नाही; शेवटचं कार्ड फाडलं की मात्र ते हरवल्यातच जमा. लिनक्समध्ये फाइलचं नाव हे असंच कार्ड आहे, त्याला हार्ड लिंक म्हणतात. सोमवारची, मंगळवारची, बुधवारची अशी रोजची पूर्ण प्रत दिसते, पण न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते. त्यामुळे तीस दिवसांच्या तीस प्रती एकाच्या जागेहून थोड्या जास्त जागेत मावतात.

या आरसिंकने मला एकदा फसवलं, म्हणजे खरं तर माझ्या स्क्रिप्टने, आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलने. बाहेरची डिस्क जोडलेली नसताना रात्रीचं काम सुरू झालं. डिस्क जोडली की ती ज्या फोल्डरवर बसते तो फोल्डर डिस्क नसतानाही असतोच, फक्त रिकामा. आरसिंकने त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे कॉम्प्युटरच्याच डिस्कवर, सगळी प्रत ओतली. सकाळी जागा संपली होती आणि लॉगिनही होईना. आता स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंटपॉइंट ही आज्ञा आहे. तिथे खरोखर डिस्क बसलेली नसेल तर काम तिथेच थांबतं आणि पडद्यावर लाल अक्षरांत तसं लिहून येतं.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते वेगळंच आहे.

२०१६ आणि २०१७ या दोन आखाजींना मी आजीची आणि आत्याची गाणी फोनवर रेकॉर्ड केली होती. झोक्यावरची गौराईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, काही नुसत्या गप्पा. सगळ्या अहिराणीत. आजी ओट्यावर भिंतीला टेकून म्हणायची, आत्या तिला ओळी पुरवायची, मधेच दोघी भांडायच्या की ही ओळ आधी की ती. आजी २०१८च्या पावसाळ्यात गेली.

मी सवयीप्रमाणे वहीत त्यांची यादी केली होती. एकूण १४६. आणि लॅपटॉपवर प्रत्येक फाइलला त्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळींचं नाव दिलं होतं, पुरत्या दोन ओळी, म्हणजे शोधताना सापडावं. लॅपटॉप तेव्हा विंडोजवर होता. आजी गेल्यावर, त्याच वर्षी ऑक्टोबरात, मी सगळं आरसिंकने घरच्या मिंटवर घेतलं, आणि मग लॅपटॉप पुसून त्यावरही मिंट टाकलं.

वाचनालयाच्या प्रकरणानंतर जूनमध्ये मी पहिल्यांदा वही घेऊन मोजायला बसले. वहीत १४६. कॉम्प्युटरवर १३५.

अकरा कुठे गेल्या?

त्या अकरा कोणत्या हे वहीशी ताडून पाहिलं तेव्हा काही सुचेना. वेगवेगळ्या दिवसांच्या, वेगवेगळ्या लांबीच्या. मग त्यांची नावं वहीत एकाखाली एक लिहिली आणि दिसलं की सगळ्यांची नावं फार लांब आहेत. दोन ओळी म्हणजे खरोखर दोन लांब ओळी.

देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, म्हणून जरा सविस्तर सांगते. लिनक्सच्या एक्स्ट-फोर या फाइलसिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत, एका नावाला जास्तीत जास्त २५५ बाइट चालतात. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं, तेव्हा २५५ अक्षरं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘आखाजी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. आ, ख, काना, ज, वेलांटी अशी त्यात पाच चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट. नुसता ‘क्ष’ नऊ बाइटचा, कारण तो क, हलन्त आणि ष. अशी ८५ चिन्हं झाली की एक्स्ट-फोरचं नाव भरलं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये हिशेब बाइटचा नसून चिन्हांचा आहे, तिथे २५५ चिन्हं चालतात. म्हणजे विंडोजवर सुखाने नांदलेलं मराठी नाव लिनक्सवर घ्यायला गेलं की मावत नाही. होम फोल्डर ई-क्रिप्ट-एफएसने कुलूपबंद केलेलं असेल तर मर्यादा आणखी खाली येते, १४३ बाइट. मराठीची सत्तेचाळीस चिन्हं.

आरसिंकने हे सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. प्रत्येक फाइलपुढे ‘नाव फार लांब’ अशी इंग्रजी ओळ आली असणार आणि शेवटी २३ हा कोड. २३ म्हणजे काही भाग नेता आला नाही. हजारो ओळी सरकून गेल्या, शेवटी काम संपलं, प्रॉम्प्ट परत आला, मी टर्मिनल बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पुसला.

मी आठवडाभर नीट जेवले नाही. त्या अकरांपैकी पाच आजीच्या होत्या.

लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी डिस्क होती, तेवढं नशीब. एसएसडी असती तर पुसलेल्या जागेची खूण लागताच ती आतून कोरी करून टाकते आणि पुढे काही उरत नाही. लॅपटॉप लगेच बंद केला, डिस्क बाहेर काढली आणि दुसऱ्या मशीनला जोडून फोटोरेक चालवलं. नाव फोटोरेक असलं तरी ते आवाजाच्या फाइलीही शोधतं. ते फाइलसिस्टिमकडे बघतच नाही. डिस्कवरचा मजकूर सलग वाचत जातं आणि ज्या ज्या प्रकारच्या फाइलींच्या सुरुवातीची खूण ओळखीची वाटते त्या उचलून वेगळ्या ठेवतं. उचललेलं सगळं दुसऱ्याच डिस्कवर घ्यायचं असतं, नाहीतर शोधता शोधता आपणच उरलंसुरलं पुसतो. रात्रभर चाललं. सकाळी हजारो फाइली, आणि एकीलाही नाव नाही. ‘एफ’ आणि पुढे नुसते आकडे.

मग ऐकायला बसले. रोज वाचनालयातून आल्यावर कानात हेडफोन घालून दोन-दोन तास. विंडोजचे टिंग-टिंग आवाज, मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं अर्धं भाषण, कोणाच्या तरी लग्नातला बँड, बाजारसमितीत चुकून सुरू राहिलेलं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्यात कापसाचे भाव. नवव्या दिवशी कोंबडा आरवला, पाण्याची घागर ठेवल्याचा आवाज आला आणि आजी खाकरली. गायला सुरुवात करण्याआधी ती नेहमी दोनदा खाकरायची.

अकरातली सहा मिळाली. तीन आजीची, तीन आत्याची. उरलेली पाच कधीच मिळाली नाहीत. त्या जागांवर मिंट लिहिलं गेलं होतं.

आता जी व्यवस्था आहे ती त्यानंतर दोन-तीन वर्षांत हळूहळू बसली. घरच्या कॉम्प्युटरवर आणि वाचनालयाच्या सर्व्हरवर बोर्ग नावाचं बॅकअपचं साधन चालतं. बोर्ग फाइलींचे तुकडे करतं, तोच तुकडा पुन्हा आला तर दुसऱ्यांदा साठवत नाही, दाबून लहान करतं आणि कुलूप लावून ठेवतं. सात रोजच्या, चार आठवड्यांच्या, बारा महिन्यांच्या प्रती. २०२२ला १.२ आवृत्ती आली तेव्हापासून जुन्या प्रती छाटल्या तरी जागा आपोआप मोकळी होत नाही, कॉम्पॅक्ट ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. ते माहीत नसल्याने वाचनालयाची डिस्क एकदा भरली होती. डेटाबेसच्या चालू फाइली मात्र तशाच्या तशा बोर्गला द्यायच्या नाहीत. लिहिणं चालू असताना घेतलेली प्रत अर्धीमुर्धी निघू शकते. आधी डेटाबेस सांभाळणाऱ्या मारियाडीबीकडून डम्प, म्हणजे सगळ्या नोंदींची एक फाइल, काढायचा, मग तो डम्प बोर्गकडे. रात्री आठला कुलूप लावण्याआधी हे काम होतं, सहा पंचवीसची वाट बघत नाही. आणि काम संपल्यावर स्क्रिप्ट शेवटी येणारा कोड तपासते. शून्य नसेल, म्हणजे काही चुकलं असेल, तर दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या पडद्याआधी एक मोठी खिडकी उघडते. ती खिडकी मी वाचल्याशिवाय बंद करत नाही.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा ३-२-१ नियम पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने लोकांपर्यंत नेला. ‘दुसरं ठिकाण’ म्हटलं की सगळे क्लाउडकडे बघतात. आमच्या गावातलं नेट ज्यांनी वापरलंय त्यांना पुढचं सांगायला नको. माझा नवरा जळगावला अपडाऊन करतो. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत डब्याच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक डिस्क महिन्यातून एकदा जळगावला जाते, नणंदेच्या घरी कपाटात राहते आणि तिथली आधीची डिस्क संध्याकाळी परत येते. पिशवी गाडीत राहिली तरी डिस्कला कुलूप आहे. त्या कुलपाची किल्ली बोर्गमधून कागदावर छापण्याजोगी काढता येते. तो कागद आणि पासफ्रेज मी सातबारा आणि घराच्या खरेदीखताबरोबर पेटीत ठेवलाय. मुलीला जागा दाखवून ठेवली आहे. आमच्याकडे कोणी गेलं की चौथ्या दिवशी ती पेटी उघडली जातेच, तेव्हा कागद सापडेल.

यंदाचा रविवार. नऊ वाजता सुरुवात केली, मिंट टाकायला अर्धा तास गेला. जळगावहून आलेली डिस्क लावली, पेटीतला कागद आणला, पासफ्रेज टाकली. होम फोल्डर परत यायला दोन तास वीस मिनिटं. २०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं त्याचे माझे फोटो आले, हिशेब आले. वाचनालयाचा डेटाबेस भरला, झेब्राची सूची बांधली, तात्यांच्या नावावर शोधलं तर त्यांनी शेवटचं नेलेलं पुस्तक दिसलं. तात्या आता नाहीत. ते पुस्तक त्यांच्या सुनेने आणून दिलं होतं, त्याचीही नोंद होती.

मग गाणी. त्यांची शा-२५६ बेरजांची, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशांची, यादी मी वेगळी ठेवते. प्रत्येक फाइलचा ठसा जुन्या यादीशी ताडायचा. एखादी फाइल उघडते पण मधेच सडलेली असते, ते नुसतं मोजून कळत नाही. नावं आता छोटी आहेत: क्रमांक, कोण, वर्ष. पूर्ण ओळी वेगळ्या मजकुराच्या फाइलमध्ये. १४१ च्या १४१ ठसे जुळले.

आत्या सकाळीच आली होती. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. शेजारी पाट टाकून बसली आणि एकेक ऐकत राहिली. आजीचं एक लागलं तेव्हा ती मधेच म्हणाली, “माय वं, हाई ओळ ते मीच चुकाडेल शे.” तिने चुकीची ओळ पुरवली होती आणि आजी तीच म्हणत गेली होती, इतक्या वर्षांनी तिला ते ऐकू आलं.

हरवलेल्या पाचांतली तीन तिची होती. २०२० आणि २०२१च्या आखाजीला तिला येता आलं नाही, नंतर दोन वर्षं घसा साथ देत नव्हता. वहीत त्या तीन गाण्यांच्या पहिल्या ओळी आहेत, एवढंच होतं आमच्याकडे. या रविवारी मी वही तिच्यासमोर धरली आणि पहिली ओळ वाचून दाखवली. ती डोळे मिटून बसली. दोन ओळी आठवल्या, तिसरी आठवेना, उठून पाणी पिऊन आली, परत बसली. मग मला म्हणाली, “भर, आते म्हनस.”

फोन तिच्या गुडघ्यावर ठेवला. दोन गाणी पूर्ण झाली. तिसरं अर्ध्यावर थांबलं, ते तिला खरंच आठवत नाही. अर्धंच ठेवलंय.

आजीच्या हरवलेल्या दोन गाण्यांच्या ओळी वहीत आहेत. आत्याने त्या वाचायला लावल्या, ऐकल्या आणि मान हलवली. ती गाणी आजीच्या माहेरची होती, तिला कधी येतच नव्हती.

संध्याकाळी तिन्ही नव्या फाइली रोजच्या कॉम्प्युटरवर घेतल्या, ठसे यादीत घातले, बोर्ग चालवलं. कोड शून्य. जुन्या डेस्कटॉपची डिस्क कोरी करून तो माळ्यावर ठेवला. डिस्क टॉवेलात गुंडाळताना आत्या बघत होती.

“हाई कधी जाई जयगावले?”

“उद्या, सकायनी गाडीवर,” मी म्हटलं. तिने टॉवेल स्वतःच्या हाताने आणखी एकदा गुंडाळला आणि पिशवीत डब्याखाली नीट सरकवून ठेवला.